पानं गळताना मुळं वाढतात: शरदात झाडं-झुडपं लावण्याची रीत आणि तिच्यामागची कारणं

झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं आणि जमिनीखालच्या भागाचं वेळापत्रक एक नसतं. शरद ऋतूत लागवड का करावी, याचं जवळजवळ सगळं उत्तर या एका गोष्टीत आहे.

दिवस लहान होऊ लागले, रात्री गारठू लागल्या की फांद्यांची वाढ थांबते. टोकाचे डोळे, म्हणजे पुढची पालवी ज्यांतून फुटते ते कोंब, मिटतात. पानझडी झाडं पानांतलं नत्र आणि स्फुरद परत खोडात ओढून घेतात आणि रिकामी पानं टाकून देतात. थंड हवामानातल्या झाडांचे हे मिटलेले डोळे सहजी उघडत नाहीत. ठरावीक काळ थंडी सोसल्याशिवाय, मधेच चार दिवस ऊब आली तरी ते फुटत नाहीत. मुळांना मात्र अशी पक्की झोप नसते. माती ऊबदार, ओलसर आणि हवेशीर असेल तोवर ती वाढत राहतात. समशीतोष्ण प्रदेशातल्या बहुतेक झाडांची मुळं मातीचं तापमान ५ ते ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरल्यावरच जवळजवळ थांबतात, आणि ते पुन्हा चढलं की पुन्हा हलू लागतात.

माती हवेपेक्षा सावकाश तापते आणि सावकाशच थंड होते. उन्हाळ्यात साठलेली ऊब शरदात तिच्यात शिल्लक असते. म्हणजे वर पानांची पाण्याची मागणी उतरलेली आणि खाली मुळांना वाढायला पोषक माती. नुकत्या लावलेल्या रोपाला नेमकं हेच हवं असतं, कारण लागवड हा मुळांवरचा आघात आहे. शेतातून खणून काढलेल्या झाडाची नव्वद टक्क्यांपर्यंत मुळं जुन्या जागीच राहून जाऊ शकतात. पिशवीत वाढवलेल्या रोपाची मुळं शाबूत असतात खरी, पण ती सगळी एका बादलीएवढ्या जागेत दाटलेली असतात. दोन्हींत अडचण एकच: पानं अख्ख्या झाडाची आणि पाणी शोषणारी जागा मूठभर. वसंतात लावलेल्या रोपाला पालवी आणि मुळं दोन्हींचा खर्च एकाच वेळी उचलावा लागतो आणि मागोमाग उन्हाळा येतो. शरदात लावलेल्या रोपाला पालवीआधी मुळं पसरायला काही आठवडे मिळतात, हिवाळा सौम्य असेल तर काही महिने.

नेमकं कधी

उत्तर गोलार्धात सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि दक्षिण गोलार्धात मार्च ते मे, हा ढोबळ हिशेब झाला. खरा हिशेब उलटीकडून करावा. जिथे हिवाळ्यात जमीन गोठते, तिथे ती गोठण्याच्या निदान सहा आठवडे आधी रोप मातीत गेलेलं असावं. सदाहरित झाडांना याहून लवकर लावावं, कारण त्यांची पानं हिवाळाभर पाणी उडवत राहतात आणि मुळं तोवर रुजली नसतील तर ती भरपाई होत नाही. १५ सेंटिमीटर खोलीवर सकाळी थर्मामीटर लावून पाहिला की अंदाज पक्का होतो. तिथे १० अंशांहून जास्त ऊब असेल तर मुळांना अजून वेळ आहे.

जिथे जमीन गोठतच नाही, पण पाऊस वर्षातले तीन-चार महिनेच पडतो, तिथे शरदाचा अर्थ जरा बदलतो. पाऊस ओसरून माती वाफशावर आली, म्हणजे ओल राहिली पण चिखल उरला नाही, की लागवड करायची. अशा ठिकाणी थंडीची भीती नसते, पुढच्या कोरड्या महिन्यांची असते. म्हणून तिथे उशीर झाला की प्रत्येक आठवडा पाण्याच्या रूपाने फेडावा लागतो.

वाफसा हा शब्द शेतकऱ्याला सांगावा लागत नाही, बागेत मात्र तो विसरला जातो. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि बोटाने टोचावा. गोळा सहज फुटला तर काम सुरू करावं. बोटाला चिकटून लादी होत असेल तर थांबावं. ओल्या चिकण मातीत खणलं की फावड्याच्या पात्याने खड्ड्याच्या भिंती गिलाव्यासारख्या गुळगुळीत होतात, मातीतली हवेची छिद्रं बुजतात आणि पुढे मुळं त्या भिंतीला अडून वळतात.

सगळ्याच झाडांना शरद मानवत नाही. मॅग्नोलिया, ट्यूलिप ट्री, बर्च, काही जातींचे ओक यांची मुळं जाड, मांसल किंवा सावकाश सावरणारी असतात. थंड प्रदेशात ती खणून शरदात लावली तर हिवाळ्याआधी नवी मुळं फारशी धरत नाहीत. यांना वसंत बरा. थंडीने दगावणाऱ्या उष्ण कटिबंधातल्या झाडांनाही, जिथे थंडीत दंव गोठतं तिथे, शरदात लावू नये. पिशवीतल्या रोपांच्या बाबतीत हा नियम थोडा सैल असतो, कारण त्यांची मुळं तुटलेली नसतात.

रोप निवडताना आधी खाली पाहावं

नर्सरीत नजर आधी फुलांवर आणि शेंड्यावर जाते. ती बुंध्यावर आणि मुळांवर जायला हवी. कुंडीतून किंवा पिशवीतून रोप हळूच काढून पाहायला मागावं. हुंडीच्या, म्हणजे मुळांनी धरून ठेवलेल्या मातीच्या गोळ्याच्या, कडेला पांढरी, टवटवीत टोकं दिसली तर उत्तम. तपकिरी, मऊ आणि कुबट वासाची मुळं म्हणजे कुज. बोटाएवढं जाड मूळ कुंडीच्या आतून फेर धरून बसलं असेल तर ते रोप घेऊच नये. पानगळ झाली असेल तर रोप जिवंत आहे का, हे डहाळीची साल नखाने जराशी खरवडून कळतं: खाली हिरवा, ओलसर थर हवा.

मोठं झाड आणून लावण्याचा मोह बहुतेकांना होतो. थंड हवामानात नव्या झाडाला पूर्ण रुजायला खोडाच्या दर अडीच सेंटिमीटर जाडीमागे साधारण एक ते दीड वर्ष लागतं. म्हणजे ५ सेंटिमीटर जाडीच्या झाडाला दोन-तीन वर्षं, आणि १० सेंटिमीटरच्या झाडाला चार ते सहा. उष्ण प्रदेशात हा काळ बराच कमी असतो, पण प्रमाण तेच. लहान रोप लवकर सावरतं आणि काही वर्षांत मोठ्याला गाठतं, बरेचदा मागेही टाकतं. शिवाय ते एका माणसाला उचलता येतं.

जागा ठरवताना आज दिसणारं रोप विसरावं आणि पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर डोळ्यांसमोर आणावा. ४ मीटर पसरणारं झुडूप भिंतीपासून १ मीटरवर लावलं तर पुढची सगळी वर्षं कात्री चालवण्यात जातात. वरून जाणाऱ्या तारा, खालून जाणारे नळ आणि सांडपाण्याच्या वाहिन्या खणण्याआधीच माहीत करून घ्याव्यात.

पाणी कुठे जातं ते तपासावं

३० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, पाण्याने भरावा, पूर्ण मुरू द्यावा. मग पुन्हा भरून तासाला पातळी किती उतरते ते मोजावं. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा थोडं जास्त म्हणजे निचरा चांगला. १ सेंटिमीटरहून कमी म्हणजे हिवाळ्यात किंवा पावसात इथे मुळं पाण्यात उभी राहतील. अशा जागी खड्ड्याच्या तळाशी खडी टाकण्याचा उपाय सर्रास केला जातो, आणि तो उलटा पडतो. बारीक छिद्रांच्या मातीतलं पाणी खालच्या मोठ्या छिद्रांच्या खडीत सहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून गच्च झाल्यावरच ते पुढे सरकतं. म्हणजे खडीने पाण्याचा थर खाली जात नाही, मुळांच्या अधिक जवळ येतो. उपाय दोनच आहेत: ओल सहन करणारी जात निवडावी, नाहीतर आजूबाजूची माती ओढून २० ते ३० सेंटिमीटर उंचीचा ऐसपैस उंचवटा करावा आणि त्यावर लावावं.

खड्डा: रुंद, पण खोल नाही

खोल खड्डा म्हणजे चांगली लागवड, हा समज फार जुना आहे आणि त्याने असंख्य झाडं गेली आहेत. झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या ३० ते ६० सेंटिमीटर थरात असतात, कारण हवा तिथेच असते. ती खाली कमी आणि आडवी जास्त जातात. मोठ्या झाडाची मुळं फांद्यांच्या घेराच्या पुष्कळ बाहेरपर्यंत पोचलेली असतात.

म्हणून खड्ड्याची खोली हुंडीच्या उंचीएवढीच, एक बोटही जास्त नाही. रुंदी हुंडीच्या दुप्पट ते तिप्पट. हुंडी ३० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच असेल तर खड्डा वर ६० ते ९० सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर खोल. कडा खाली उतरत गेलेल्या, बशीसारख्या असल्या तरी चालतात. तळाची माती उकरायची नाही: हुंडी घट्ट, न हललेल्या जमिनीवर बसली पाहिजे, नाहीतर माती दबेल तसं झाड खाली जातं. कडा मात्र पहारीने किंवा खुरप्याने ओरखडून खडबडीत कराव्यात.

खोली कुठून मोजायची, हा खरा प्रश्न आहे. मातीची वरची पातळी नाही, बुंधा पाहायचा. खोड मुळांत शिरताना जिथे फुगतं, पायासारखं पसरतं, तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. नर्सरीत रोप एका पिशवीतून मोठ्या पिशवीत हलवताना दरवेळी वर थोडी माती पडते, आणि विक्रीला येईपर्यंत हा पसरट भाग ५ ते १० सेंटिमीटर गाडला गेलेला असतो. तेव्हा खणण्याआधीच हुंडीच्या वरची माती बोटांनी बाजूला सारत जावं, पहिलं जाड आडवं मूळ सापडेपर्यंत. वरती फुटलेली बारीक दोऱ्यासारखी मुळं कापून टाकावीत. त्या पहिल्या जाड मुळापासून हुंडीच्या तळापर्यंतची उंची, ती खड्ड्याची खोली. फावड्याचा दांडा खड्ड्यावर आडवा ठेवला की पातळी लगेच कळते. भारी चिकण मातीत बुंधा २ ते ५ सेंटिमीटर उंच ठेवावा.

खोल लावलेलं झाड लगेच मरत नाही, म्हणून चूक कुणाला दिसत नाही. खोडाची साल सतत ओलीत राहण्यासाठी घडलेली नसते. ती मऊ पडते, बुरशीला वाट मिळते. खालच्या मुळांना हवा कमी पडते, म्हणून नवी मुळं वरच्या बाजूला फुटतात आणि खोडाला वळसा घालू लागतात. वर्षं जातात, खोड जाड होतं, ती मुळंही जाड होतात आणि एक दिवस फास आवळल्यासारखी रसवाहिन्या दाबून धरतात. पाच, दहा, कधी पंधरा वर्षांनी झाड एका बाजूने वाळू लागतं, पानं लहान आणि पिवळट होतात आणि दोष कुठल्यातरी किडीवर जातो. लावलेल्या झाडाचं खोड विजेच्या खांबासारखं सरळ जमिनीत शिरलेलं दिसलं तर ते खोल गेलंय असं समजावं.

फेर धरलेली मुळं सोडवावी लागतात

गोल कुंडीत मुळाला भिंत लागली की ते वळतं आणि फिरत राहतं. मोकळ्या जमिनीत लावल्यावर ते आपोआप सरळ होईल, असं होत नाही. जे लाकूड वळलं ते वळलेलंच राहतं. इथे हात आखडता घेऊ नये. धारदार चाकूने किंवा छोट्या करवतीने हुंडीच्या बाहेरच्या बाजूचा २ ते ३ सेंटिमीटर जाडीचा थर चारी बाजूंनी आणि तळाने सरळ उतरवून टाकावा. गोल हुंडी चौकोनी झाली तरी चालेल. कापलेल्या टोकांजवळून नवी मुळं बाहेरच्या दिशेने फुटतात. हे करताना जीव कासावीस होतो, पण पुढे गळफास लागण्यापेक्षा आजची ही जखम कितीतरी हलकी आहे. शरदात ती भरतेही बरी, कारण पानांची मागणी तेव्हा कमी असते.

गोणपाटात बांधून आलेलं झाड आधी खड्ड्यात बसवावं, सरळ करावं, मग सुतळी, तार आणि गोणपाटाचा वरचा निदान निम्मा भाग कापून काढावा. गोणपाट नैसर्गिक असेल तर तळाशी राहिलेला तुकडा कुजून जातो. प्लास्टिकच्या धाग्यांचं असेल तर ते संपूर्ण काढलंच पाहिजे, कारण ते कुजत नाही आणि मुळांना आवळत राहतं. खोडाभोवतीची दोरी विसरली तर दोन-तीन वर्षांत ती सालीत रुतते. अशी हुंडी खोडाला धरून कधी उचलू नये. खालून हात घालून उचलावी, नाहीतर ती फुटते आणि बारीक मुळं तुटतात.

माती नसलेली, उघड्या मुळांची रोपं पूर्ण पानगळ झाल्यावरच हलवायची. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे वारा आणि ऊन: उघडी केशमुळं काही मिनिटांतही सुकतात. आणल्यावर मुळं एक-दोन तास पाण्यात ठेवावीत (रात्रभर चालेल, पण चोवीस तासांपेक्षा जास्त नाही, तिथे त्यांना हवा मिळत नाही). मोडलेली टोकं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) स्वच्छ कापावीत, खड्ड्याच्या मधोमध मातीचा घट्ट शंकू करून त्यावर मुळं छत्रीसारखी पसरावीत. लगेच लावणं जमणार नसेल तर सावलीत चर खणून, रोपं तिरपी ठेवून मुळं ओल्या मातीने झाकून ठेवावीत.

खड्ड्यात जुनीच माती परत

खड्ड्यात भरपूर शेणखत, कंपोस्ट, कोकोपीट घालण्याची सवय प्रेमापोटी आलेली आहे, तरी ती सोडायला हवी. कारणं तीन. चिकण जमिनीत असा भुसभुशीत खड्डा बादलीचं काम करतो: पाणी आत झिरपतं, बाहेर जात नाही आणि मुळं त्यात बुडतात. दुसरं, मुळांना खड्ड्यातच सगळं मिळतं, बाहेरच्या कठीण मातीत शिरायचं कारण उरत नाही, आणि ती पुन्हा कुंडीतल्यासारखी आत फिरू लागतात. तिसरं, सेंद्रिय भाग कुजून आटतो तसं झाड खाली बसतं आणि नीट मोजून ठेवलेला बुंधा पुन्हा गाडला जातो.

म्हणून जी माती निघाली तीच ढेकळं फोडून परत घालावी. निम्मा खड्डा भरल्यावर पाणी सोडावं, ते मुरलं की उरलेली माती भरावी. पाण्यानेच पोकळ्या बुजतात. टाचेने रेटून दाबलं तर मातीतली हवा जाते. हुंडीच्या माथ्यावर नवी माती टाकू नये. कंपोस्ट द्यायचंच असेल तर ते वरून, पातळ थरात, झाडाच्या भोवती. नाहीतर अख्खा वाफाच आधी सुधारून घ्यावा, म्हणजे मुळांना एकसारखी माती मिळेल.

रासायनिक खत लागवडीच्या वेळी नको. नत्राने कोवळी फूट निघते आणि ती पहिल्या गोठणाऱ्या थंडीत करपते. शिवाय मुळांकडे जायची ताकद वर जाते. जादा स्फुरदाने मुळांना मदत करणाऱ्या बुरशीशी जुळणारं नातं बिघडतं. पहिलं वर्ष खताविना काढावं.

छाटणीही तशीच. मुळं कमी झाली म्हणून वरचा भागही कापावा, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. पण मुळं वाढवण्याचा रासायनिक इशारा डोळ्यांकडून आणि शेंड्यांकडूनच खाली येतो, आणि ती वाढवायला लागणारं अन्नही फांद्यांत साठलेलं असतं. मोडकी, वाळलेली, एकमेकींवर घासणारी फांदी काढावी. बाकी हात लावू नये.

पाणी: किती आणि कुठे

शरदात लावलेली झाडं दगावण्याचं एक मोठं कारण म्हणजे हवा गार झाली म्हणून पाणी थांबवणं. पहिल्या काही आठवड्यांत झाडाची सगळी मुळं हुंडीतच असतात. हुंडीतलं नर्सरीचं मिश्रण मोकळं, मोठ्या छिद्रांचं, म्हणून ते भराभर सुकतं. आजूबाजूच्या बारीक मातीत ओल असूनही ती उलट दिशेने आत शिरत नाही. बाहेर चिखल आणि आत कोरडी ठणठणीत हुंडी, ही अवस्था वाटते त्याहून जास्त वेळा आढळते. म्हणून सुरुवातीला पाणी बुंध्याच्या लगतच्या हुंडीवरच सावकाश सोडावं.

प्रमाण असं धरावं. झुडपाला दर खेपेस त्याच्या कुंडीच्या आकारमानाच्या पाव ते एकतृतीयांश: २० लिटरच्या पिशवीतून आलं असेल तर ५ ते ७ लिटर. झाडाला जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंचीवर खोडाची जाडी मोजून दर सेंटिमीटरला साधारण २ लिटर: ३ सेंटिमीटरच्या खोडाला ६ लिटर. लागवडीच्या दिवशी मात्र खड्डा पूर्ण भिजवावा, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीचं आंबवणीचं, म्हणजे लागवडीनंतरचं दुसरं, पाणी चुकवू नये. हवा ऊबदार असेल तर पहिले दोन आठवडे जवळजवळ रोज, पुढे दोन-तीन महिने दर दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला एकदा. गारवा वाढला, पाऊस झाला, पानं गळली की अंतर वाढवावं. ठरवताना वेळापत्रकापेक्षा बोट खरं: हुंडीत ५ ते ८ सेंटिमीटर खाली खुपसून पाहावं, ओल लागली तर थांबावं. कोमेजलेली पानं पाहून पाणी ओतणं धोक्याचं आहे, कारण पाण्यात गुदमरलेली मुळंही पानं कोमेजवतात.

जमीन गोठायच्या आधी एकदा, विशेषतः सदाहरित झाडांना, भरपूर पाणी द्यावं. गोठलेल्या जमिनीतून मुळं पाणी उचलू शकत नाहीत, पण उन्हात आणि वाऱ्यात पानं ते घालवत राहतात. वसंतात दिसणारी तपकिरी, जळल्यासारखी पानं बहुधा याचीच खूण असते.

आच्छादन, आधार, संरक्षण

लाकडाचा जाड भुसा, सालींचे तुकडे किंवा पालापाचोळा यांचं ५ ते १० सेंटिमीटर जाडीचं आच्छादन झाडाभोवती निदान १ मीटर व्यासात पसरावं. मातीची ऊब त्याने जास्त दिवस टिकते, म्हणजे मुळांचे वाढीचे दिवस वाढतात. गोठणं आणि वितळणं आलटून पालटून झालं की लहान रोपं जमिनीतून वर उचलली जातात, तेही यामुळे आटोक्यात राहतं. पण खोडापासून ५ ते १० सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी. बुंध्याशी ढीग लावला तर खोल लावण्याचेच सगळे तोटे पुन्हा ओढवतात, आणि त्या उबेत उंदीर घर करून साल कुरतडतात.

आधाराची काठी प्रत्येक झाडाला लागत नाही. वाऱ्याने खोड हललं की ते बुंध्याशी जाड होतं, मुळंही मजबूत होतात. घट्ट जखडलेलं झाड उंच आणि लेचंपेचं वाढतं. झाड स्वतः उभं राहत नसेल, किंवा जागा फार वाऱ्याची असेल, तरच हुंडीच्या बाहेर दोन बांबू ठोकावेत आणि खोडाच्या खालच्या एकतृतीयांश उंचीवर रुंद, मऊ पट्टीने सैल बांधावं. बुंधा हलू नये, शेंडा हलावा.

जिथे ससे-उंदरांचा त्रास आहे, तिथे खोडाभोवती ६ मिलिमीटर छिद्रांची जाळी, तळ ५ सेंटिमीटर मातीत आणि उंची साचणाऱ्या बर्फाच्या वर. पातळ सालीच्या कोवळ्या झाडांना हिवाळ्यात आणखी एक धोका असतो: दुपारच्या उन्हाने सालीखालच्या पेशी जाग्या होतात आणि सूर्य मावळताच गोठून फुटतात. पांढरं वेष्टन गुंडाळलं की साल तापत नाही. वसंतात ते न विसरता काढावं.

पुढच्या वर्षी काय पाहायचं

पहिल्या वसंतात पानं नेहमीपेक्षा लहान आणि नवी फूट आखूड असेल. घाबरू नये, झाड मुळांवर खर्च करत असतं. फांदीवर मागच्या वर्षीच्या टोकाच्या डोळ्याची अंगठीसारखी खूण राहते. तिथून शेंड्यापर्यंत मोजलं की त्या वर्षीची वाढ कळते. ही वाढ वर्षागणिक लांबत जाऊन त्या जातीच्या नेहमीच्या मापाला आली की झाड रुजलं असं समजावं. तोवर दुष्काळी आठवड्यांत पाणी द्यावंच लागतं.

थंड हवामानात मुळं वर्षाला अर्ध्या मीटरच्या आसपास बाहेर सरकतात, उबेत त्याहून वेगाने. म्हणून दुसऱ्या वर्षी पाण्याचं आळं बुंध्यापासून तेवढं दूर न्यावं आणि आच्छादनही रुंद करावं. एक वर्ष झालं की काठ्या आणि पट्ट्या काढाव्यात. त्याच वेळी बुंध्याशी बसून माती जरा बाजूला करावी: पसरट भाग अजून वर दिसतो का, एखादं मूळ खोडाला आडवं येऊ लागलंय का? पेन्सिलीएवढं असताना ते सिकेटरने एका कापात निघतं.